सीटबेल्टातली व्याहीभेट

अनगोळच्या अभिनंदन मगदूमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बेल्ट ओढला की मुकाट बाहेर यायचा, पण सोडला की आत जायचं नाव घ्यायचा नाही. दिवाळीला आलेल्या पाहुण्यासारखा तिथंच पाय पसरून पडायचा. दार लावताना हमखास दारात सापडायचा, त्याचा फास बाहेर लोंबत राहायचा आणि मागून येणारा एखादा मोटरसायकलवाला ओरडायचा, "ओ साहेब, बाईंची ओढणी अडकलीया!" (अभिनंदन गाडीत एकटा असताना हे ओरडणं एकदा त्याच्या बायकोनं, प्रणितानं, फोनवरून ऐकलं होतं. त्यानंतर बरेच दिवस घरात भाजीला मीठ नव्हतं.)

हे असंच आणखी वर्षभर चाललं असतं. पण मेहुणीचा, म्हणजे आरोहीचा, साखरपुडा ठरला. रविवारी, निपाणीला, मुलाच्या घरी. बाकीचं वऱ्हाड बेळगावहून ट्रॅव्हलरनं जाणार होतं. पण सासरे बाहुबली आप्पांना मोठ्या गाडीत मळमळायचं. पुढच्या सीटवर बसलं, समोरचा रस्ता दिसला, की काही होत नसे. तेव्हा आप्पा थोरल्या जावयाच्या गाडीतून येतील, असं सासूबाईंनी, चंदनाक्कांनी, जाहीर करून टाकलं.

आप्पा म्हणजे शिक्षण खात्यातले रिटायर्ड इन्स्पेक्टर. शाळा तपासायच्या थांबल्या होत्या, तपासणं थांबलं नव्हतं. लेकीच्या घरी आले की ते आधी पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत, मग बाथरूमचा नळ गळतो का ते बघत आणि सगळ्यात शेवटी जावयाकडं बघत. लग्न झाल्यापासून अभिनंदनला त्यांच्या तोंडून ऐकू आलेला सगळ्यात चांगला शेरा होता, "बरा हाय." तोही त्याच्याबद्दल नव्हता, चहाबद्दल होता.

अशा माणसाला लोंबत्या बेल्टाच्या सीटवर बसवायचं? अभिनंदननं शनिवारी दुपारी ठरवलं, बेल्ट आपणच दुरुस्त करायचा.

"मेकॅनिककडं टाका की," प्रणिता म्हणाली.

"तो म्हणतोय सोमवारी आण. आणि त्यात काय हाय एवढं? आत एक स्प्रिंग असतंय."

"तुमाला कसं ठाऊक?"

"स्टेपलरमदी पण असतंय."

अभिनंदन एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होता आणि त्यानं तिथला स्टेपलर एकदा खरोखरच दुरुस्त केला होता. त्यानंतर तो पिना मारत नसे, पण कागद दाबून ठेवायला उत्तम होता.

मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ शोधला. व्हिडिओतला माणूस तमिळ बोलत होता; पण स्क्रू काय, सगळ्या भाषांत एकाच बाजूला फिरतो, असं म्हणून अभिनंदननं दाराशेजारच्या खांबाचं प्लॅस्टिकचं झाकण उपसलं. आत बेल्ट गुंडाळणारी एक गोल डबी होती. तिच्यावर लाल अक्षरांत इंग्रजीतून 'उघडू नये' असं बजावलेलं होतं. ऑफिसात राहून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की ज्याच्यावर 'उघडू नये' लिहिलेलं असतं, खरी भानगड त्याच्यातच असते. त्यानं डबी उघडली.

आतली स्प्रिंग जिलबीसारखी गुंडाळून बसली होती. तिनं क्षणभर अभिनंदनकडं बघितलं (निदान त्याला तसं वाटलं) आणि फणा काढून त्याच्या चष्म्यावर झेप घेतली. ती परत डबीत घालण्यात दुपारचा चहा, दूधवाला आणि शेजाऱ्यांचे तीन सल्ले होऊन गेले. शेवटी ती बसली. परत ढिली पडायला नको म्हणून त्यानं तिला पीळही भरपूर दिला, व्हिडिओतल्या माणसापेक्षा जरा जास्तच. शुभकार्याला जायचं होतं.

डबी परत बसवताना एक स्क्रू कमी पडला. त्यानं सीटखाली हात घातला. हरवलेला कंगवा सापडला, एक चिकट पेपरमिंट सापडलं, स्क्रू मात्र सापडला नाही. स्क्रू उरला असता तर काळजीची गोष्ट होती, त्यानं विचार केला. कमी पडला त्यात काय काळजी? डबी थोडी तिरकी बसली, पण झाकण लावल्यावर कुणाला दिसत होतं?

त्यानं प्रणिताला बोलावून बेल्ट ओढला आणि सोडला. सरड्यानं माशी गिळावी तसा बेल्ट सप्पकन आत गेला.

"बघ!"

"बाहेर येतोय न्हवं पण?"

"येतोय की. जरा गोडीनं ओढायला लागतंय."

रविवारी दुपारी आप्पा पांढराशुभ्र नेहरू शर्ट, काळा कोट आणि टोपी घालून गाडीत बसले. रविवारचं त्यांचं एकाशन असे. दिवसातून एकदाच जेवायचं, एका बैठकीला, आणि तेही दिवस मावळायच्या आत. आज ते निपाणीच्या मांडवातच जेवणार होते, त्यामुळं सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी काच पुसलेली आहे का ते बघितलं, आरसा बघितला आणि बेल्टाकडं बोट केलं.

"ह्यो चालतोय न्हवं? का नुसता दाखवायला?"

"कालच दुरुस्त केलाय आप्पा. मी स्वतः."

"स्वतः?" आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. पंखा आणि नळ सोडून आधी त्याच्याकडं बघण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी बेल्ट हळूच ओढला, खटका लावला आणि म्हणाले, "चांगलं केलंसा."

अभिनंदनच्या कानशिलापर्यंत ऊब चढली. मागच्या सीटवर बसलेल्या प्रणितानं आरशातून त्याचं तोंड बघितलं आणि पदरानं हसू दाबलं.

काकती मागं पडलं, वंटमुरीचा घाट लागला. गाडीनं पहिला गचका खाल्ला आणि बेल्ट बोटभर आत गेला. दुसरा गचका, आणखी बोटभर. आप्पांनी श्वास सोडला की बेल्ट आत सरके. श्वास घेतला की बाहेर काही येईना.

"जरा आवळतंय," आप्पा म्हणाले.

"नवीन पीळ हाय आप्पा. सेफ्टी चांगली."

संकेश्वर आलं तेव्हा आप्पा दोन-दोन शब्दांत बोलत होते. संकेश्वर सुटलं आणि बोलणंच थांबलं. ते ताठ बसले होते, नजर समोर, हात मांडीवर बेल्टाखाली. अभिनंदनला वाटलं, सासरे समाधानात आहेत. इतका लांबचा रस्ता त्यांनी कुणालाही काही सुचवलं नव्हतं, हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

निपाणीत मुलाच्या दारात मांडव घातला होता. ट्रॅव्हलर आधीच पोचली होती. मुलाचे वडील भूपाल अण्णा, उसाचे आणि म्हशींचे मालक, जरीचं उपरणं सावरत स्वतः गाडीपर्यंत आले. त्यांनी दार उघडलं, हात जोडले. आप्पांनी मान लववली. अण्णांनी हात पुढं केला. आप्पा जागचे हलले नाहीत.

"या की आप्पा."

"येतो," आप्पा बारीक आवाजात म्हणाले. "ह्यो सोडला की येतो."

अभिनंदननं वाकून लाल बटण दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. खटक्याच्या आत काहीतरी खुळखुळलं.

अभिनंदननं खटक्याला कान लावला. कालचा स्क्रू सापडला होता.

"काय वाजतंय ते?" प्रणितानं विचारलं.

"काय न्हाय."

"तुमचा स्क्रू न्हवं?"

"हळू बोल."

बातमी मांडवात पसरायला वेळ लागला नाही. वेगवेगळ्या हातांनी बटण दाबून झालं. अण्णांच्या पुतण्यानं गोडंतेल सोडलं. त्यानं आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर मोठा डाग तेवढा पडला. गावातल्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो सासरवाडीला गेलेला; म्हणाला, दिवेलागणीला येतो.

"कोयता आणा रं," अण्णा गरजले. "एका घावात तोडतो."

"कोयता?" चंदनाक्का पुढं झाल्या. "माझ्या लेकीच्या साखरपुड्याला कोयता चालवताय व्हय? कात्री, सुरी, काय बी लावायचं न्हाय. शुभ दिवस हाय."

"पर अक्का, आप्पास्नी तरास…"

"कापू नका," गाडीतून आप्पा म्हणाले. "जावयाची वस्तू हाय. तिला नख लावायचं न्हाय." मग थोडा श्वास गोळा करून, "बेल्टाचा दोष न्हाय. मीच जरा सुटलोय अलीकडं."

अभिनंदनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. रागावले असते तर परवडलं असतं.

मुहूर्त जवळ आला होता. मुलीचा बाप दारात आणि मुलगी मांडवात, असं कसं चालणार? शेवटी अण्णांनीच तोड काढली. "आप्पा मांडवात येत नसतील तर गाडीच मांडवात घेऊ."

खुर्च्या बाजूला झाल्या. बायका भिंतीला टेकल्या. अभिनंदननं पहिल्या गियरमध्ये, पायघड्यांवरून, समईला वळसा घालत गाडी पाटापर्यंत आणली. आयुष्यात त्यानं इतकी जपून गाडी चालवली नव्हती. पुढून अण्णा दोन्ही हातांनी "येऊ द्या, येऊ द्या" करत उलटे चालत होते आणि सनईवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं वरातीची धून धरली.

मागाहून येणाऱ्या पाहुण्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना दिसली ती मांडवाच्या मधोमध उभी असलेली गाडी आणि आत बसलेला मुलीचा बाप.

"गाडी दिली व्हय गं मुलीकडच्यांनी?" मुलाची आत्या कुणाला तरी विचारत होती.

"दिसतंय तर तसंच."

"पर जुनी हाय की! बंपर बी चेपलाय."

"असूंदे. मनानं दिलीया." असं म्हणून आत्यानं बॉनेटला हळदीकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या आणि टायरसमोर नारळ फोडला. मुलगा, सन्मती, हे बघून कावराबावरा झाला आणि वडिलांच्या कानात म्हणाला, "अण्णा, आपण तर काय बी घेणार न्हाय म्हणून सांगितलंतं." मग अण्णांना माइक हातात घेऊन खुलासा करावा लागला, की ही गाडी थोरल्या जावयांची असून ती परत जाणार आहे. आत्याचा चेहरा जरा उतरला. मग तिनं पुन्हा एकदा बंपरकडं बघितलं आणि चेहरा परत नीट झाला.

विधी सुरू झाला. आरोही समोरच्या पाटावर बसली होती. अंजिरी शालू नेसलेली, मान खाली. सन्मतीनं अंगठी घातली. आप्पा काचेतून बघत होते. अभिनंदन त्यांच्या शेजारी स्टिअरिंग धरून बसला होता. उतरून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"काय दिसंना," आप्पा पुटपुटले. "काच धूसर झालीया."

अभिनंदननं ताबडतोब वायपरची दांडी ओढली. पाण्याच्या दोन पिचकाऱ्या उडाल्या, त्यातली एक नेमकी बॉनेटवरून पुढं जाऊन सन्मतीच्या नव्या फेट्यावर पडली. मांडवात हशा पिकला. वायपर फिरून थांबले. काच आरशासारखी लख्ख झाली.

"अजून दिसंना," आप्पा म्हणाले.

तेव्हा अभिनंदननं मान वळवून बघितलं. आप्पांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात बेल्टाखाली दबल्यामुळं त्यांना ते पुसताही येत नव्हतं. त्यानं खिशातला रुमाल काढला. क्षणभर घुटमळला. मग सासऱ्यांचा चष्मा काढून, लहान मुलाचे पुसावेत तसे, त्यांचे डोळे पुसले आणि चष्मा परत चढवला.

"आता?"

"आता दिसतंय," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "नाकावर जरा तिरका बसलाय." अभिनंदननं तोही सरळ केला.

ऊन उतरायला लागलं तशी चंदनाक्कांची घालमेल सुरू झाली. दिवस मावळला तर आप्पांना उद्यापर्यंत उपास. ताट गाडीतच आणलं गेलं. "एकाशनाला एका जागीच बसावं लागतंय," आप्पा म्हणाले. "त्यात आपली काय अडचण न्हाय." प्रणिता खिडकीशी उभी राहून भरवू लागली.

आप्पांनी दोन घास खाऊन थांबायचं ठरवलं होतं. पण नव्या व्याह्याच्या घरचा आग्रह निपाणीचा होता. अण्णांच्या बायकोनं पुरणपोळी वाढली. आत्यानं तूप सोडलं. कोण म्हणालं, एक माझ्या हातची. कोण म्हणालं, मुलीच्या सासऱ्याच्या नावानं एक. आप्पा कानडीतून "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत होते, पण हात आडवा घालायला हात मोकळे कुठं होते? तोंड उघडून 'नको' म्हटलं की त्यात घास येत होता. आणि आत पोट वाढत होतं, वरचा बेल्ट तसूभरही मागं हटत नव्हता.

"पुरे करा ओ!" अभिनंदन ओरडला. "फुटतील ते!"

सगळ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू आप्पांच्या तोंडात घास त्यानंच कोंबले होते.

अण्णांना वाटलं, पाहुणा रागावला. ते घाईनं पुढं आले. "व्याहीभेट तेवढी राहिलीया आप्पा. ती झाली की सगळं गोड." त्यांनी खिडकीतून अर्धं अंग आत घातलं आणि आप्पांना कवळा मारला. बायकांनी अक्षता टाकल्या. फोटोवाल्यानं बॉनेटवर चढून फोटो काढला. मिठीत आप्पांचा होता नव्हता तेवढा श्वास बाहेर पडला. बेल्टानं सप्पकन ओढ घेतली, आणि त्याच्याबरोबर अण्णांचं जरीचं उपरणंही खांबाच्या फटीत शिरलं.

"माझं उपरणं!"

अण्णा ओढत होते, डबी गिळत होती. अर्ध्यावर ती थांबली. घरघरली. आणखी ओढेना. जरीचा बोळा तिच्या घशात बसला होता.

अभिनंदन बघत राहिला. आप्पांनी श्वास घेतला, सोडला. बेल्ट हलला नाही. छातीवर पहिल्यांदाच किंचित ढिला दिसला.

"अण्णा, उपरणं सोडू नका!" त्याला एकदम सुचलं. "धरून ठेवा! आत बी जाऊ देऊ नका, बाहेर बी काढू नका! आप्पा, श्वास सोडा. सगळा सोडा!"

आप्पांनी श्वास सोडला. प्रणितानं पट्ट्याखालून हात सारून पोट आत दाबलं. अभिनंदननं सीटची पाठ सपाट पाडली आणि मागच्या सीटवर चढून आप्पांच्या काखेत हात घातले. त्यानं जोर लावला. आप्पा वीतभर मागं सरकले आणि पोटाशी येऊन अडकले.

"झटका देऊ नका!" अण्णा खिडकीतून ओरडले. एका हातात उपरणं, दुसऱ्या हातानं इशारे. त्यांच्या आवाजात आता अधिकार आला होता. म्हशींची बाळंतपणं त्यांनी स्वतः केली होती. "कळ आली की ओढायचं! कळ गेली की थांबायचं! आप्पा, पाय आखडा. हां… आता!"

"आता!" मांडवातल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

अभिनंदननं डोळे मिटून ओढलं. आधी आप्पांचं पोट सुटलं, मग गुडघे, मग एक चप्पल मागं राहिली आणि आप्पा पाठीवर घसरत सरळ त्याच्या अंगावर येऊन पडले. दोघं मागच्या सीटवर एकमेकांत गुंतून पडले होते. आप्पांची टोपी अभिनंदनच्या डोक्यावर होती.

मांडवात टाळ्या पडल्या. सनईवाल्यानं परत काहीतरी धरलं. चंदनाक्का डोळे पुसत होत्या. आप्पा जावयाच्या छातीवर डोकं टेकून बराच वेळ नुसते श्वास घेत होते, पोटभर, अडथळ्याशिवाय.

"लागलं काय आप्पा?" अभिनंदननं विचारलं.

"न्हाय." मग हळूच, बाकी कुणाला ऐकू जाऊ नये असं, "जोर हाय तुमच्या हातात."

दिवस मावळला. ट्रॅव्हलर भरली. सगळ्यांना वाटलं आप्पा आता तिच्यात बसतील, पण ते पुन्हा अभिनंदनच्या गाडीत आले, मागच्या सीटवर, प्रणिताशेजारी, खिडकी उघडून. अभिनंदन बाहेर उभा राहून बॉनेटवरच्या अक्षता झाडत होता. शर्टाच्या बाह्या वर, हाताला गोडंतेल आणि ग्रीस, केसात जरीचे धागे.

घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. नवऱ्या मुलाची आजी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून दिवसभर आतच बसून सुनांकडून एकेक बातमी ऐकत होती. तिनं त्याच्या हातावर लाडवांची पुडी ठेवली.

"ड्रायव्हर हाईस न्हवं रं बाबा? घरला ने. पोरं खातील."

अभिनंदन काही बोलणार, तोवर तिनं त्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं.

"मालकास्नी संभाळून ने. लई सोसलं त्यांनी आज. आणि एक सांगते, मनात ठेव. त्यांचा थोरला जावई हाय म्हणं, त्यानं ते पट्ट्याचं काम केलंतं. माणूस चांगला असंल, पर त्याला परत गाडीला हात लावू देऊ नको."

अभिनंदननं खिडकीकडं बघितलं. आप्पा सगळं ऐकत होते.

"न्हाय लावू देत आज्जी," तो म्हणाला.

"शाणा हाईस." म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "जावई तुझ्यासारखा मिळाला पायजे हुता त्यास्नी."

"खरं हाय, आज्जी," मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले.